कडेने दिसतं तेवढं

४ मार्च

ठकू,

तुला आता कोणी ठकू म्हणत नसणार. दातांच्या डॉक्टरला पेशंटसमोर ठकू म्हटलं तर पेशंट तोंड उघडायचा नाही. पण दुसरं काही लिहायला गेले की पेन अडतं. चालवून घे.

मी बरी आहे. फ्रेमचं दुकानही बरं चाललंय. गेल्या आठवड्यात एक बाई नवऱ्याचा फोटो मोठा करून फ्रेमला घेऊन आल्या. मी नेहमीप्रमाणे आवाज खाली घेतला, काळी पट्टी दाखवली आणि हळूच विचारलं, कधी गेले? तर म्हणाल्या, गाडी लावायला गेलेत, येतीलच. आणि आलेच ते. मला भिंतीवर टांगायची एवढी घाई कशाला, म्हणून तिथेच भांडायला लागले. शेवटी सोनेरी पट्टीवर दोघांचं जमलं. ती जिवंत माणसाची वाटते म्हणे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. काल दुकानात एक मुलगी आली. म्हणजे चाळिशीची असेल, पण मला हल्ली चाळिशीपर्यंतच्या सगळ्या मुलीच वाटतात. कलादालनात प्रदर्शनं मांडायचं तिचं काम. प्रेम, माया आणि निरोप या तीन गोष्टींवरची जुनी-नवी चित्रं आणि फोटो ती एकत्र लावणार आहे. बोलायला गोड, अंगात उत्साह. माझ्या दुकानातल्या रिकाम्या फ्रेमासुद्धा तिने कौतुकाने पाहिल्या.

तिला तुझ्या बाबाचा तो फोटो हवाय. ‘तो’ म्हटल्यावर तुला कळलंच असेल. आजी गेली त्या दिवशीचा, हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली मी. भिंतभर मोठा करायचा आणि दारातून आत आलं की समोर लावायचा, असं तिच्या मनात आहे.

मी म्हटलं, फोटो काढणाऱ्याला विचारा. आम्ही वेगळे राहतो हे तिला माहीत होतंच. गावात कोणाला माहीत नाही? ती म्हणाली, "त्यांना आधी विचारलं, काकू. ते म्हणाले, फोटो माझा आहे पण चेहरा तिचा आहे. ती हो म्हणाली तरच माझं हो."

ठकू, सगळ्या संसारात तुझ्या बाबाने मला विचारून एक फोटो काढला नाही. मी दात घासताना काढला, तुला न्हाऊ घालताना काढला, तापात पडलेली असताना काढला. आणि आता विचारतोय. विचार करून सांगते म्हटलं.

जाता जाता ती म्हणाली की दार उघडल्यावर बाबाने तिला समोर बघूनही दोनदा ‘कोण?’ म्हणून विचारलं. आदल्याच दिवशी ती भेटून गेली होती. वय झालं म्हणायचं.

तुझ्याकडे थंडी कमी झाली का?

आई

१९ मार्च

ठकू,

तुझा मेसेज मिळाला. ‘पत्र मिळालं.’ पोस्टाची पोचपावतीसुद्धा याहून जास्त बोलते. असो. मिळालं हे कळलं.

मी बाबाकडे जाऊन आले. एका गावात राहून आम्ही दोघं एकमेकांना कधीमधी बाजारात दिसायचो, ‘बरं आहे ना’ म्हणून आपापल्या रस्त्याला लागायचो. पण तो राहतो त्या स्टुडिओचा जिना मी घर सोडल्यापासून चढले नव्हते. अर्ध्या जिन्यात होते तेव्हाच वरून आवाज आला, "ये. वरची पायरी हलतेय, जपून." पावलांवरून ओळखलं म्हणाला.

तो बरा आहे. वाळलाय जरा. पांढरी दाढी त्याला शोभली असती, पण ती एकाच गालावर होती. दुसरा गाल गुळगुळीत. चहा त्यानेच केला, मला उठू दिलं नाही. कपात ओतताना बोट आत धरून बसला होता. भाजेल म्हटलं तर म्हणाला, सवय आहे. टेबलावर पत्रांचा गठ्ठा न फोडता तसाच पडला होता. त्यातली दोन-चार मी वाचून दाखवली. आळशी झालाय.

स्टुडिओ होता तसाच आहे. मागचा मोठा राखाडी पडदा, लहान मुलांना बसवायचा तो घोडा, डार्करूमच्या दाराशी औषधांचा आंबूस वास. आता तिथे कोणी फोटो काढायला येत नाही. लोकांच्या खिशात फोन आहेत. भिंतीशी खोकी रचून ठेवलीत, सगळी निगेटिव्ह आणि प्रिंट. या प्रिंटांवरचे पांढरे ठिपके मी बारीक ब्रशने भरत बसायचे आणि तू टेबलाखाली बसून गृहपाठ करायचीस. तुझी पेन्सिल घोड्याच्या नाकात अडकलेली अजून आहे. बाबाला सांगितलं तर म्हणाला, राहू दे, घोड्याला सवय झाली असेल.

प्रदर्शनाचा विषय दोघांनीही काढला नाही. तुझ्याबद्दल बोललो. दर रविवारी तुझा फोन येतो, त्या दिवशी तो सकाळपासून फोनशेजारी असतो. फोनवर छान बोलतो ना तो? आवाज त्याचा पहिल्यापासून चांगला आहे.

निघताना म्हणाला, "पोरीला काही लिहू नकोस." काय लिहायचं नाही ते बोलला नाही. मी ‘हं’ म्हटलं.

आई

२ एप्रिल

ठकू,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं तुझं अक्षर पाहिलं आणि हातातली काच आधी खाली ठेवली, मग फोडलं.

तू लिहिलंयस की हे बाबाचं शेवटचं मोठं प्रदर्शन असेल. एकदा तू त्याला सोडून गेलीस, निदान आता तुझ्यापुरतं बघू नकोस, त्याच्या कामाच्या आड येऊ नकोस, असं लिहिलंयस. तुला असंच वाटतं हे मला माहीत होतं. तुझ्या लग्नात मी तिसऱ्या रांगेत पाहुण्यासारखी बसले होते तेव्हाही माहीत होतं. कागदावर वाचलं की वेगळं लागतं, एवढंच.

आधी बाबाचं सांगते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. ठकू, त्याला दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्हीकडे. त्यावर आता इलाज नाही. मी त्याला डॉक्टरकडे नेलं आणि स्वतः विचारलं. कडेकडेचं दिसतं, पण जे बघायला जावं ते नाहीसं होतं. मला म्हणाला, "समोर बघितलं की तू जातेस. बाजूला बघितलं की येतेस." अगदी सहज म्हणाला, हवापाण्याचं बोलावं तसं.

तुला सांगू नको असं मला बजावलं होतं. मी ‘हं’ म्हटलं होतं. हं म्हणजे हो नव्हे, हे इतका संसार करून त्याला कळायला हवं होतं. तू डॉक्टर आहेस, त्याची मुलगी आहेस. तुला कळायलाच हवं. रविवारी फोनवर त्याच्यावर चिडू नकोस. तुला ओझं नको म्हणून तो गप्प राहिला.

आता फोटोचं. हे मी तुला आजवर सांगितलं नाही. आता सांगते, कारण तू आड येण्याबद्दल लिहिलंस.

आजी गेली ती दुपार. तू तेव्हा परीक्षेला होतीस. नर्सने मला बाहेर बसायला सांगितलं आणि आजीच्या चपला माझ्या हातात दिल्या. पायांतून काढलेल्या, अजून ऊब असलेल्या. कुठे ठेवू कळेना, म्हणून मांडीवर घेऊन बसले. बाबा जिन्याने वर आला. मला वाटलं आता येऊन शेजारी बसेल. तेवढ्यात तो आवाज झाला. तुझ्या बाबाच्या कॅमेऱ्याचा आवाज मी झोपेत ओळखेन. वर बघितलं तर त्याच्या चेहऱ्याच्या जागी कॅमेरा होता.

त्यासाठी मी घर सोडलं नाही. एका आवाजासाठी कोणी घर सोडत नाही. पुढे तो फोटो छापून आला, त्याला बक्षीस मिळालं. माझी आई गेली म्हणून भेटायला येणारी माणसं दारातच म्हणायची, काय फोटो आलाय हो तुमचा! एक बाई तर म्हणाल्या, तुमचं दुःख किती सुंदर दिसतं. मी त्यांना चहा दिला. मग हळूहळू मला माझी आई आठवेनाशी झाली. आठवायला गेलं की फोटोच समोर यायचा. बाबाला सांगितलं, तर तो म्हणाला की चांगल्या फोटोचं असंच होतं. त्याला वाटलं मी कौतुक करतेय.

आणि तुला का नाही सांगितलं? तू तो फोटो हॉस्टेलच्या भिंतीवर लावला होतास. आजीची आठवण म्हणून रोज रात्री त्याच्याकडे बघून झोपतेस, असं मला लिहिलं होतंस. तो काढ, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? म्हणून मी निघाले, आणि का निघाले ते बोलले नाही. तू तुझ्या मनाने कारण लावून घेतलंस. बाबाचं नाव झालं ते आईला सोसलं नाही, असं तू मावशीला म्हणाली होतीस. मावशीच्या पोटात काही राहत नाही, तुला माहीतच आहे.

हे वाचून तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तू म्हणालीस तुझ्यापुरतं बघू नकोस. तर माझ्यापुरतं काय होतं, ते आधी कोणाला तरी माहीत असावं.

प्रदर्शनवालीला मी अजून काही कळवलेलं नाही.

आई

२३ एप्रिल

ठकू,

बाबा म्हणाला तू रविवारी फोनवर रडलीस. आणि मग डोळ्यांच्या कोरडेपणासाठी दिलेल्या थेंबांवरून त्याला रागावलीस. दोन्ही बरं झालं.

मी हल्ली दुपारी दुकान बंद करून त्याच्याकडे जाते. प्रदर्शनवालीला आणखीही काही फोटो बघायचे आहेत, आणि ते शोधायचे तर खोकी उघडायला हवीत, खोकी उघडायची तर कोणाला तरी दिसायला हवं. मी एकेक प्रिंट हातात घेऊन सांगते, तो ऐकतो. एक म्हातारा आहे, खांद्यावर पिशवी, एवढं म्हटलं की तो म्हणतो, मागे अर्धी उघडी खिडकी आहे ना? असते. सगळं त्याच्या डोक्यात आहे. मी चुकून डावं-उजवं केलं तर लगेच धरतो.

एक लग्नाचा फोटो निघाला. मांडवातून निघताना नवरी गाडीत बसलीय आणि तिचा बाप गाडीची काच रुमालाने पुसतोय. मला त्यात काही विशेष वाटेना. बाबा म्हणाला, काच स्वच्छच होती. त्या माणसाला मुलीचा हात सोडल्यावर हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. हे ऐकलं आणि मी तो फोटो वेगळा काढून ठेवला. प्रदर्शनवालीने तो ‘माया’ या भागात घेतलाय.

तुझे तर ढीगभर आहेत. दात पडलेली तू, तोंड घट्ट मिटून. डॉक्टरीणबाईंचा तो फोटो दवाखान्यात लावण्यासारखा आहे.

आणि मग तळाच्या खोक्यात पातळ कागदात गुंडाळलेला तो निघाला. बाबाने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, आईच्या दिवशीचा. तो मग म्हणाला, तुला बघायचा नसेल तर ठेव परत. त्याने तो बक्षिसानंतर पुन्हा कधी प्रिंट केला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

खरं सांगू? मी तो कधी नीट बघितलाच नव्हता. पेपरात छापून आला तेव्हा पान उलटलं होतं, लोक दाखवायचे तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघायचे. काल पहिल्यांदा खिडकीशी नेऊन बघितला. दुसऱ्या कोणाचा फोटो फ्रेमला आला असता तर बघितला असता, तसा. आधी चारही कोपरे, मग मधलं.

बाक लांबलचक आहे आणि मी त्याच्या एका टोकाला बसलेय, जशी कोणासाठी तरी जागा ठेवून. केस कसेतरी गुंडाळलेले. चपलांचे अंगठे झिजलेत, आजी चालताना पाय घासायची ना. मी त्या दोन्ही हातांनी धरल्यात, खाली पडू नयेत म्हणून. आणि ठकू, मी रडत नाहीये. इतकी वर्षं माझी समजूत होती की माझं रडणं त्याने चोरलं. फोटोत मी मान थोडी वळवून आतल्या दाराकडे कान देतेय. आई आतून हाक मारेल आणि मला चपला घेऊन जावं लागेल, असा माझा चेहरा आहे.

ते मला आठवत नव्हतं. मला अजून वाटत होतं ती येईल. हे मलाही कळलं नव्हतं, आणि ते तिथे होतं.

फोटो चांगला आहे. हे लिहायला मला जड जातंय, पण चांगला आहे.

बाबाने विचारलं, काय दिसतंय? मी सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच. सांगून झाल्यावर मी विचारलं, "तू शेजारी येऊन का नाही बसलास?"

त्याने तो पातळ कागद चाचपून नीट घडी केला. मग म्हणाला, "भीती वाटली. तुला त्या अवस्थेत कधी पाहिलं नव्हतं. जवळ आलो असतो तर काय बोलायचं ते कळलं नसतं. कॅमेरा डोळ्याला लावला की मला काय करायचं ते कळायचं."

"मला काही बोलायला नको होतं."

"ते आता कळतंय," तो म्हणाला.

त्याने माफी मागितली नाही आणि मीही मागायला लावली नाही. आम्ही दोघं त्या खोक्यांमध्ये बसून राहिलो. खाली कोणीतरी फळकूट ओढत नेत होतं, त्याचा आवाज येत होता. मग मी चहा केला. कप उचलताना बोट भाजू नये म्हणून त्याचा अर्धाच भरला.

आज सकाळी प्रदर्शनवालीला हो कळवलं. पण माझ्या अटी घातल्या. भिंतभर मोठा करायचा नाही. दोन्ही हातांत मावेल एवढाच ठेवायचा, भोवती कोऱ्या पुठ्ठ्याचा रुंद पांढरा माउंट, म्हणजे बघायचा तर माणसाला जवळ यावं लागेल. लांबून बघून ‘वा’ म्हणून पुढे जाता येणार नाही. फ्रेम मी करणार. आणि त्याला आजवर ‘निरोप’ असं नाव होतं, ते काढायचं. निरोप दिलाच नव्हता मी. नाव ठेवायचं ‘आईच्या चपला सांभाळणारी मुलगी’.

ती बिचारी म्हणाली, भिंत रिकामी दिसेल. मी म्हटलं, दिसू दे.

आई

१८ मे

ठकू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एका मोठ्या आरशाला पट्टी ठोकत होते. तू विचारलंस, बाबाचे कपडे कोण धुतं? इतक्या वर्षांनी आईला फोन करून पहिला प्रश्न कपड्यांचा. फोन ठेवल्यावर मी हसले आणि मग काही वेळ पट्टी ठोकता येईना.

प्रदर्शन झालं. बाबाने तुला त्याचं सांगितलंच असेल. माझं हे. मी संध्याकाळी गेले, गर्दी होती. एका भिंतीवर मोठमोठी तैलचित्रं, एकमेकांच्या गळ्यात पडलेली माणसं, बंदरावर रुमाल हलवणाऱ्या बायका. नवरीच्या बापाच्या फोटोसमोर एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. बायको हाका मारत होती तरी हलेनात. आपला फोटो कोपऱ्याजवळ होता. लोक लांबून यायचे, डोळे बारीक करायचे आणि मग आपोआप पुढे सरकायचे. जवळ गेलं की आवाज खाली यायचा. एक मुलगी बघून झाल्यावर बाहेर गेली आणि जिन्यात उभी राहून कोणाला तरी फोन लावला, "आई, काही नाही गं, असाच केला." एवढं माझ्या कानावर पडलं.

बाबा फोटोशेजारी उभा होता, तोंड भलतीकडे करून. लोकांना वाटलं फोटोग्राफर शिष्ट आहे. मला माहीत होतं तो तिकडे तोंड करून इकडे बघतोय. मी जवळ गेले तशी म्हणाला, माउंट रुंद केलास ते बरोबर केलंस.

आता तू फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, उत्तर देता आलं नाही.

तू म्हणालीस, मी त्याला इकडे आणतेच, खोली रिकामी आहे, पण तो म्हातारपणी गाव कशाला सोडेल? तुम्ही आता बोलता, एकत्र बसता, मग तूच का नाही ठेवून घेत त्याला? ठकू, त्यानेही विचारलं. प्रदर्शनाहून परतताना, स्टुडिओच्या जिन्याखाली. म्हणाला, "परत येशील?" मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, विचारायचं राहून गेलं असं नको व्हायला.

प्रेम नाही म्हणून नव्हे. ते संपलं असतं तर सोपं गेलं असतं. मी त्याच्याकडे रोज दुपारी जाते ती मनापासून जाते, कीव म्हणून जात नाही. पण संध्याकाळी माझ्या खोलीवर परत येते तीही मनापासून येते. माझी खोली लहान आहे, दुकानाच्या वर, एक खिडकी, एक पलंग. सकाळी उठते, केस न विंचरता खिडकीत उभी राहते, आणि त्या वेळी मला कोणी बघत नसतं. तू म्हणशील, आता तो बघणार तरी कुठून? पण खोड त्याच्या डोळ्यांना होती तशी मलाही लागली होती. सतत कोणालातरी दिसत असल्यासारखी वागायचे मी. एकटी असतानासुद्धा. ती जायला फार दिवस लागले. ती मला परत लावून घ्यायची नाही.

आज त्याला गरज आहे म्हणून मी हो म्हटलं असतं तर मी आतून कुढत बसले असते, आणि डोळे गेले तरी त्याला ते दिसलं असतं. त्याच्या वाट्याला असं माणूस का द्यायचं? तुझ्याकडे यायचं त्याने त्याच रात्री ठरवलं, आणि तो आनंदाने येतोय. तुला तो हवाय. हव्या असलेल्या घरी माणसाने राहावं.

तू यावर रागावलीस तर रागाव. पण या वेळी कारण माहीत असून रागाव.

निगेटिव्हची खोकी कलादालनवाले ठेवून घेतायत. घोडा मी दुकानात आणलाय. पोरं चढून बसतात आणि आयाबापांना नाइलाजाने फ्रेम विकत घ्यावी लागते.

आई

७ जून

ठकू,

हे पत्र बाबाच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवतेय. त्याला वाचता येणार नाही, म्हणून निर्धास्त लिहितेय. विमानात हात धरून नेणारा माणूस मिळणार आहे. पण उतरल्यावर तू दारातच उभी राहा आणि लांबूनच बोलायला लाग. आवाजावर तो सरळ येतो.

खोलीत शिरताना ‘मी आले’ म्हण. न बोलता वस्तू हलवू नकोस, खुर्ची तर मुळीच नाही. ताटात कुठे काय वाढलंय ते एकदा सांगायचं, मग त्याचं तो खातो. भरवायला जाऊ नकोस, चिडतो. दाढी स्वतः करतो, फक्त झाल्यावर ‘डावा गाल’ एवढं म्हणायचं. जावईबापूंना सांग, त्याच्याशी बोलताना तो दुसरीकडे बघत असला तर समजायचं की तो त्यांच्याकडेच बघतोय. थेंब सकाळ-संध्याकाळ. तुझ्या थेंबांबद्दल तो माझ्याकडे कुरकुर करतो, म्हणजे घालतो.

जुना कॅमेरा बरोबर घेतलाय. फोटो काढायचा नाहीये त्याला. हातात धरून बसतो. बसू दे.

मी कधी येणार असं तू विचारलंस. तिकीट काढून पाठवते म्हणालीस. थंडी सुरू व्हायच्या आत येईन. राहायला नाही, भेटायला. दोघांनाही. तुझ्या घरात तिसऱ्या रांगेत बसावं लागणार नाही ना?

आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी उठला की तो विचारतो, उजेड कसा आहे? ‘चांगला आहे’ म्हणून दवाखान्यात पळू नकोस. कुठून येतोय, कशावर पडलाय, कुठे अडलाय, ते सांगायचं. मलाही पहिल्यांदा जमलं नाही. तो म्हणाला, घाई नाही, आधी नीट बघ, मग बोल. तुझ्या गावचा उजेड त्याच्या ओळखीचा नाही. तो त्याला तूच दाखवायचास.

सामान खाली गेलंय. तो स्टुडिओत एकुलत्या एका खुर्चीत बसलाय, कोट घालून, आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून हे लिहितेय. स्टुडिओ इतका मोकळा झालाय की पेनाचा आवाज येतो. आत्ताच त्याने विचारलं, कसा आहे? मी पेन खाली ठेवून सांगितलं: खिडकीतून तिरपा आलाय, फिकट पिवळा. आधी तुझ्या बुटांवर, मग फरशीवर. पडदा होता तिथे भिंतीवर चौकोन राहिलाय, त्याच्या खालच्या कडेपर्यंत पोचलाय.

तो म्हणाला, "आणि तुझ्यावर?"

मी म्हटलं, माझ्या हातावर आहे. थोडा केसांवर.

त्याने मान वळवली, पार दाराकडे, आणि तसाच बसलाय. मी हलले नाही. एरवी लगेच पदर, केस काहीतरी सारखं केलं असतं. खाली टॅक्सीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला.

वाजवू दे.

आई